आधी ठाणं विचारा, मग कोर्ट

नागपुरात ऑटोवाल्याला ‘कोर्टात चल’ म्हटलं की तो एवढंच विचारतो, “हायकोर्ट की जिल्हा कोर्ट?” दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये, त्यामुळे तिथवर पोचायला काही अडचण नाही. फौजदारी प्रकरणात खरी पंचाईत न्याय मंदिराच्या बहुमजली इमारतीत शिरल्यावर सुरू होते. दारात भेटणारा प्रत्येक जण सल्ला देतो. कुणी चौथ्या माळ्यावर पाठवतो, कुणी मागच्या बाजूला, आणि एखादा “कागद द्या, मी पाहतो” म्हणत आपल्यालाच धरून बसतो. या शेवटच्याला कागद देऊ नये.

विचारायचा प्रश्न एकच असतो, ठाणं कोणतं? गुन्हा जिथं घडला तिथल्या न्यायालयातच तो साधारणपणे चालतो. आधी दंडप्रक्रिया संहितेत हे १७७ व्या कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १९७ व्या कलमात आहे. नागपूरसारख्या शहरात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अनेक. त्यांच्यात काम वाटून देतात मुख्य न्यायदंडाधिकारी, आणि ही वाटणी ठाण्यांप्रमाणे होते. अमुक ठाण्याचे गुन्हे अमुक कोर्टात. उन्हाळ्यात न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या की ही वाटणीही बदलू शकते. म्हणून ‘आमच्या शेजाऱ्याची केस तिसऱ्या माळ्यावर होती’ या माहितीचा काडीचा उपयोग नाही.

माझ्या भाच्याचं प्रकरण घडलं तेव्हा यातलं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वरातीत धक्काबुक्की झाली, काठ्या निघाल्या, समोरच्या एका पोराचं डोकं फुटलं. शनिवारी रात्री भाच्याला अटक झाली. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं, त्याला रविवारची सूट नाही. सुट्टीच्या दिवशी एक दंडाधिकारी पाळीनं बसतात आणि वेगवेगळ्या ठाण्यांचे रिमांड त्यांच्यासमोर येतात. तसा तोही आला आणि एक दिवसाची पोलीस कोठडी मिळाली. सोमवारी बहीण, जावईबुवा आणि आणखी चार नातेवाईक सकाळपासून त्याच दालनाबाहेर बाकावर बसले. वकील ठरला होता, वकालतनाम्यावर भाच्याची सही तेवढी व्हायची होती आणि तो कागद जावईबुवांच्या खिशात होता. दुपारी शिपायानं विचारलं, “कोन्त्या ठाण्याचं हाय जी तुमचं?” ठाण्याचं नाव ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. “अवो, कालचं ते सुट्टीचं कोर्ट होतं. तुमचं कोर्ट वरच्या माळ्यावर हाय.” सगळे धावत वर गेले तोवर भाच्याला न्यायालयीन कोठडी देऊन मध्यवर्ती कारागृहाकडं नेलंही होतं. वकील नाही, घरचं माणूस नाही, आणि जामिनाचा अर्ज तर दूरच. सुट्टीचं कोर्ट त्या दिवसापुरतं असतं. दुसऱ्या दिवशी कुठं हजर करणार, हे रविवारीच तपास अधिकाऱ्याला नाहीतर ठाण्याच्या पैरवी हवालदाराला विचारून घ्यावं. तो माणूस रोज त्या जिन्यांवरून चढतो-उतरतो, त्याला सगळं पाठ असतं.

पुढची फजिती अधिक महाग पडली. वैद्यकीय अहवाल आला आणि जुन्या भाषेत ज्याला अजून सगळे ‘तीनशे सात’ म्हणतात ते खुनाच्या प्रयत्नाचं कलम वाढलं. आता ते न्याय संहितेचं १०९ वं. हे कलम फक्त सत्र न्यायालय चालवतं. दोषारोपपत्र मात्र आधी दंडाधिकाऱ्याकडंच दाखल होतं. तिथं त्याला आरसीसी म्हणून एक नंबर मिळतो, आरोपीला प्रती दिल्या जातात आणि मग दंडाधिकारी प्रकरण सत्र न्यायालयाकडं सोपवतात. तिथं नवा नंबर पडतो, नवं दालन मिळतं, नवे न्यायाधीश येतात. दरम्यान जामिनावर सुटलेला भाचा प्रकरण सोपवलं त्या दिवशी हजर होता, कुठल्याशा कागदावर त्यानं सहीही केली. घरी येऊन मोबाइलवर जुना नंबर टाकला तर प्रकरण निकाली निघाल्याचं दिसलं. जावईबुवांनी गल्लीत पेढे वाटले! सत्र न्यायालयातल्या तारखेला अर्थातच कुणी फिरकलं नाही आणि अजामीनपात्र वॉरंट घेऊन पोलीस दारात आले तेव्हा पेढ्यांचा खोका अजून फ्रीजमध्ये होता. वॉरंट रद्द करायला अर्ज, नवा जामीनदार, वकिलाची वेगळी फी. आमच्या वकिलाच्या मुन्शीनं आधीच फोनवर सांगितलं होतं, पण ‘केस कमिट झाली’ एवढ्याच तीन शब्दांत. जुना नंबर बंद दिसला तर नवा नंबर आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय कोर्टाचा जिना उतरू नये.

रक्कम मोठी किंवा नाव मोठं, म्हणजे कोर्टही मोठं असं आपण धरून चालतो. तेही खरं नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात दीडशे कोटींच्या आसपासची रक्कम होती. गुन्हा २००२ सालचा. तो खटला सत्र न्यायालयात नाही, अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालला आणि २२ डिसेंबर २०२३ ला निकाल लागून पाच वर्षांची शिक्षा झाली. विश्वासघाताचं ते कलम दंडाधिकाऱ्यापुढं चालणारं आहे. साध्या प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याला तीनच वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, मुख्य आणि अतिरिक्त मुख्य दंडाधिकाऱ्याला सात. कोर्टाची पायरी कलमावरून ठरते.

पोलिसांची हद्द आणि कोर्टाची हद्द एकच समजण्याचीही चूक होते. नवीन कामठी ठाणं शहर पोलीस आयुक्तालयात येतं, त्यामुळे माणूस सरळ सिव्हिल लाइन्सला निघतो. पण कामठी हा वेगळा तालुका आणि तिथं स्वतःचं न्यायालय आहे. सावनेर, काटोल, उमरेड, रामटेक इथंही तसंच. उलट जुन्या भाषेतल्या ‘एकशे सात’ची म्हणजे शांतताभंगाची नोटीस आली की लोक न्याय मंदिरात दालनं शोधत फिरतात. ती कारवाई न्यायदंडाधिकाऱ्याकडं नसते, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं असते, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडं असतात. नोटिशीवरचा शिक्का आणि सहीखालचा हुद्दा नीट वाचला की चक्कर वाचते.

चेक न वटण्याच्या प्रकरणात तर ‘गुन्हा घडला कुठं’ यावरच देशभर गोंधळ उडाला होता, आणि त्याचं मूळ आपल्या विदर्भातलं. तक्रार केली यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या कोर्टात, आणि चेक ज्या बँकेचा होता ती शाखा भंडाऱ्याची. नागपूर खंडपीठानं दिग्रसला अधिकार नाही म्हणून तक्रार परत करायला सांगितली. दशरथ राठोड प्रकरण या नावानं ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑगस्ट २०१४ ला निकाल आला, की चेक देणाऱ्याच्या बँकेची शाखा जिथं, तिथंच खटला. नागपूरच्या व्यापाऱ्याला गुवाहाटीच्या ग्राहकानं फसवलं तर त्यानं गुवाहाटीला खेटे घालायचे! ओरड झाली, आणि २०१५ मध्ये कायदाच बदलला. आता चेक खात्यात भरला असेल तर ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. म्हणजे खातं इतवारीत असेल तर नागपूर, कामठीच्या शाखेत असेल तर कामठी. दुकान कुठं आहे याला महत्त्व नाही. नोटिशीला तीस दिवस, समोरच्याला पंधरा दिवस आणि मग तक्रारीला एक महिना, अशा मोजक्या मुदती असतात. चुकीच्या दारात त्या घालवू नयेत.

सासरच्या छळाबद्दलही हेच विचारलं जातं. पुण्याहून माहेरी नागपूरला परतलेल्या मुलीला ‘तिकडंच जाऊन तक्रार दे’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. आसरा घेतला त्या गावीही गुन्हा नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं रूपाली देवी प्रकरणात ९ एप्रिल २०१९ ला स्पष्ट केलं आहे. आणि गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यानं तो शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडं पाठवायचा, हे आता कायद्यातच आहे. धावत्या गाडीत बॅग गेली की याचा फार उपयोग होतो.

हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही, एफआयआरची प्रत मात्र हातात हवी. पहिल्याच ओळीत जिल्हा, ठाणं, वर्ष आणि गुन्हा क्रमांक असतो, त्याखाली कलमं, आणि शेवटी ती न्यायालयाकडं पाठवल्याची तारीख. फिर्यादीला ही प्रत फुकट मिळते. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकावी लागते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. दोषारोपपत्र दाखल झालं की ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर ठाणं आणि गुन्हा क्रमांक टाकून प्रकरण सापडतं. तिथला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर उतरवून घ्या, दालन, पुढची तारीख सगळं त्यावर कळतं. रिमांडच्या दिवसांत मात्र अॅपवर विसंबू नका, तेव्हा ठाण्यातच विचारायचं. आणि व्हिडिओ कॉलवरून कोर्टाचा देखावा दाखवून कुणी ‘डिजिटल अटक’ सांगत असेल तर फोन ठेवून १९३० ला कळवा. अशी अटक कायद्यात नाही.

वकील परवडत नसेल तर न्याय मंदिराच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न विचारता तिथून वकील मिळतो. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१००. आमच्या भाच्यालाही असा वकील पहिल्याच सोमवारी मिळाला असता.