नाच दिसतो, करार दिसत नाही



सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे माझं मराठी घरचं, मेसचं आणि ऑटोवाल्यांशी भांडताना शिकलेलं. ऱ्हस्व-दीर्घ मैत्रिणीने तपासून दिलेत. तरी चूकभूल देणे-घेणे!

विषय सुरू झाला तो सेमिनार हॉलमध्ये. एका रविवारी आमच्या विभागाच्या सरांनी हौसेने 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) दाखवला. पिक्चर संपला, लाइट लागले आणि सर म्हणाले, "याला म्हणतात कलाकार! नाहीतर तुमची ती कोरियन पोरं. कंपनीने पॅक करून दिलेला माल."

माझी रूममेट म्हणजे बीटीएसची पक्की 'आर्मी'. कपाटाच्या आतल्या बाजूला सातही जणांचे फोटो. बिचारी लालबुंद झाली, पण सरांसमोर बोलणार काय? रूमवर आल्यावर सगळा राग माझ्यावर. "काऊन वं, तू तरी बोलायचं ना काही!"

मला काही सुचलंच नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. जुने हॉलिवूडवाले खरे कलाकार आणि आजचे आयडॉल कारखान्यातला माल, हे बरोबर आहे का? इंजिनिअरिंगची मुलगी आहे, म्हणून दोन्हीकडचं 'मॅन्युफॅक्चरिंग' तपासायचं ठरवलं. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यासमोर ठेवते.

१) मेहनत

सरांच्या आवडत्या पिक्चरपासूनच सुरुवात करू. नायिका डेबी रेनॉल्ड्स तेव्हा १९ वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. तिला जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच येत नव्हता. समोर जीन केली आणि डोनाल्ड ओ'कॉनर, दोघंही लहानपणापासून नाचणारे. 'गुड मॉर्निंग' गाण्याचं शूटिंग सकाळी सुरू झालं ते रात्रीपर्यंत चाललं आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त येत होतं. पडद्यावर मात्र ती सोफ्यावरून हसत उडी मारते!

आता कोरिया. तिथे कंपनी मुलांना आधी 'ट्रेनी' म्हणून घेते. गाणं, नाच, परकी भाषा, कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं, सगळं शिकवते. ट्वाईस ग्रुपची जिह्यो पहिल्यांदा स्टेजवर येण्याआधी दहा वर्षं ट्रेनी होती. आपलं बी.ई. चार वर्षांचं आणि आपण रोज रडतो! ओडिशातल्या राउरकेलाची श्रेया लेंका याच रस्त्याने २०२२ मध्ये ब्लॅकस्वान ग्रुपमध्ये गेली.

एक साम्य तर मला फारच आवडलं. फ्रेड अस्टेअरचा हट्ट असायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर फ्रेममध्ये दिसलं पाहिजे आणि मध्ये कट कमीत कमी हवेत. का, तर कट मारून कोणालाही नाचवता येतं. आज कोरियन ग्रुप 'डान्स प्रॅक्टिस' व्हिडिओ काढतात. कॅमेरा एका जागी, आरशाची खोली, साधे कपडे आणि पूर्ण नाच सलग. म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षांनी तीच परीक्षा! तेव्हा मेहनतीत दोघं सारखे.

२) खरं-खोटं

दुसरा आरोप असा की आयडॉल ओठ हलवतात, आवाज टेपवरचा असतो. काही वेळा असतो, मान्य. पण 'सिंगिंग इन द रेन'ची गोष्टच मुळी याच चोरीची आहे. त्यात एका नटीचा आवाज वाईट असतो, म्हणून डेबीचं पात्र पडद्यामागून तिच्यासाठी गातं. आणि गंमत बघा, 'वुड यू' या गाण्यात खुद्द डेबीचाच आवाज काढून बेटी नॉईज या गायिकेचा वापरला आहे. नकली आवाजावरच्या पिक्चरमध्येच नकली आवाज! त्यामुळे 'जुनं ते अस्सल' म्हणताना जरा जपून.

३) करार

इथपर्यंत लेख मजेचा होता. इथून पुढे मी जरा गंभीर झाले.

ज्यूडी गारलंडला एमजीएम स्टुडिओने १९३५ मध्ये करारावर घेतलं, तेव्हा ती १३ वर्षांची होती. १९३९ साली 'द विझार्ड ऑफ ऑझ' आला आणि ती जगभर गाजली. पण तिने काय खायचं, किती वजन ठेवायचं हे स्टुडिओ ठरवायचा. काम करत राहण्यासाठी गोळ्या, मग झोप यावी म्हणूनही गोळ्या, हे तिने स्वतःच पुढे सांगितलं. १९५० मध्ये स्टुडिओचा आणि तिचा करार संपला. वय फक्त २८, पण गोळ्या सुटल्या नाहीत.

त्याच काळातली ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. ही नाचणारी-गाणारी नव्हे, पण तिच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. वॉर्नर ब्रदर्सशी तिचा करार सात वर्षांचा. नटीने एखादी भूमिका नाकारली की स्टुडिओ तिला सस्पेंड करायचा आणि तेवढे दिवस कराराच्या शेवटी जोडायचा. म्हणजे 'नाही' म्हटलं की शिक्षा वाढली. आपल्या एटीकेटीसारखंच, चार वर्षांची डिग्री सहावर कधी जाते कळत नाही! ती १९४३ मध्ये कोर्टात गेली. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने १९४४ मध्ये निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं. मध्ये काहीही जोडायचं नाही.

आता उडी मारून २००९ मध्ये या. सोल शहर. टीव्हीएक्सक्यू या तुफान गाजलेल्या ग्रुपमधले तिघं स्वतःच्याच कंपनीविरुद्ध, म्हणजे एस. एम. एंटरटेनमेंटविरुद्ध, कोर्टात गेले. त्यांचा करार होता १३ वर्षांचा. त्याच वर्षी कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने कलाकारांसाठी नमुना करार आणला. त्यात मर्यादा किती? सात वर्षं! हॉलिवूडमध्ये सात, कोरियात सात. फक्त कोरियात हे घड्याळ साधारणपणे पहिल्या कार्यक्रमापासून चालू होतं. ट्रेनी म्हणून घालवलेली वर्षं वेगळीच.

४) आणि आपलं काय?

मला वाटलं होतं ही सगळी बाहेरच्या देशांची भानगड. घरी फोनवर आजीला सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, आपल्या शांता आपटेने नव्हतं का उपोषण केलं?"

कोण शांता आपटे? मला खरंच माहीत नव्हतं. (कॉन्व्हेंट!) शोधलं आणि थक्क झाले.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापूरला निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आज त्या जागेवर एफटीआयआय आहे. हॉलिवूडसारखाच स्टुडिओ, नट-नट्या पगारावर, करारावर. शांता आपटे तिथली गाणारी नायिका. प्लेबॅक रुळायच्या आधीचा जमाना, स्वतःच्या आवाजात गायची. 'अमृतमंथन' (१९३४), 'अमरज्योती' (१९३६) आणि मग 'कुंकू' (१९३७). 'कुंकू'मधली नीरा फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी आहे, आणि ती ते लग्न मानायला साफ नकार देते. त्यात ती लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता गाते. ही कविता आम्हाला शाळेत पाठ होती, पण एका मराठी पिक्चरमध्ये ती आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

१९३९ मध्ये पगारावरून आणि करारावरून तिचं कंपनीशी बिनसलं. तेव्हा ही बाई सरळ प्रभातच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसली. नायिका, फाटकाबाहेर! त्याच वर्षी तिकडे ज्यूडी सोनेरी पडद्यावर हसत होती. कोर्टात जायला ऑलिव्हियाला अजून चार वर्षं होती. त्यानंतर शांता आपटेने प्रभात सोडली. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहून या धंद्यात काम करणाऱ्यांचे हाल मांडले. नुसती रडत बसली नाही. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी तमिळ शिकली आणि काम केलं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लेख एकांगी होईल. आपले भगवानदादा. १९५१ च्या 'अलबेला'चे निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळं तेच. डोक्यावर मालक नाही, बाँड नाही. त्यांचा तो बिनधास्त नाच आजही वरातीत नाचला जातो. पण पुढचे पिक्चर पडले तेव्हा सावरायलाही कोणी नव्हतं. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत परतले. २००२ मध्ये तिथेच गेले. म्हणजे करार नसला की सुखच, असं नाही. करार आधारही देतो. फक्त त्यात काय लिहिलंय हे माहीत पाहिजे.

५) हे सगळं मी का सांगतेय?

कारण याच दिवसांत मला कॅम्पसमधून ऑफर लेटर आलं. (कंपनीचं नाव सांगत नाही.) सोबत बाँड. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दीड लाख भरा. ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडे जमा. बाबा फोनवर म्हणाले, "करून टाक सही, बेटा. सगळे करतात." त्यांचंही बरोबर आहे. एज्युकेशन लोनचे हप्ते सुरू होणार आहेत.

एरवी मी केलीच असती. पण ऑलिव्हियाबाई डोक्यात होत्या, म्हणून पान उलटून पुन्हा वाचलं. चौथ्या पानावर बारीक अक्षरात सापडलं: ट्रेनिंगचे सहा महिने या दोन वर्षांत धरले जाणार नाहीत. म्हणजे दोन वर्षं नाहीतच, अडीच! ट्रेनी वेगळी, घड्याळ वेगळं. तेच गणित, फक्त नाच नाही.

मी कंपनीला तीन प्रश्नांची मेल केली. दिवस कधीपासून मोजणार? दीड लाख कशाचे, ट्रेनिंगचा खर्च खरंच तेवढा आहे का? आणि मार्कशीट परत कधी? उत्तर आलं: कागदपत्रं तपासून लगेच परत मिळतील, बाकी सगळं 'स्टँडर्ड फॉरमॅट'. एक गोष्ट तरी विचारल्यामुळे मिळाली. शेवटच्या तारखेला आठ दिवस आहेत. कदाचित मी सही करीन सुद्धा. पण अडीच वर्षं आहेत हे कळून करीन.

सरांनाही हे सगळं सांगितलं. रूममेटने धीर करून प्रॅक्टिस व्हिडिओ लावला. सरांनी तो दोनदा बघितला. मग म्हणाले, "पाय स्वच्छ पडतात पोरांचे." आमच्या सरांकडून एवढं म्हणजे डिस्टिंक्शनच!

माझ्यापुरता निष्कर्ष असा. जुने आणि नवे यांच्यात कोण खरा कलाकार हा वादच चुकीचा आहे. घाम दोघांचाही खरा. विचारायचं ते हे, की त्या घामाचा हिशोब कोण ठेवतो आणि 'नाही' म्हणायची सोय कोणाला आहे. ज्यूनिअर मित्रांनो, प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ॲप्टिट्यूडची तयारी कराच, पण सही करण्याआधी चौथं पानसुद्धा वाचा. रात्री मेसमध्ये चार जणांनी मिळून वाचलं तर आणखी चांगलं. एकट्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत.