जुनी चाळ, तुंबलेली गटारे

प्रश्न : भिवंडीतील यंत्रमागांच्या वस्तीत आमची चाळ जीर्ण झाली आहे आणि गटारे तुंबली आहेत. रहिवाशांनी काय करावे?

उत्तर : १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या ज्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या, आणि जे १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असतानाही शांत राहिले, तेथे शेजाऱ्यांनी एकत्र बसण्याचा परिपाठ नवा नाही. मालक, भाडेकरू व माग-कामगार (यांना बहुधा कोणी बोलावीत नाही) यांची समिती करून प्रथम इमारतीचे वय काढावे. तीस वर्षे उलटली असल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये संरचनात्मक परीक्षण बंधनकारक असून, सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीतीलच जिलानी इमारत कोसळल्यानंतर त्यात दिरंगाई अक्षम्य होय. गटारांविषयीचा अर्ज सामुदायिक सह्यांनिशी प्रभाग समितीत द्यावा; पोच अवश्य घ्यावी.