तीन ठिकाणी टेकणारी होडी

कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात असताना जहाजांची मॉडेलं बनवायचो. दिसायला देखणी, चालायला संथ. पन्नाशी उलटल्यावर वेगाचा नाद लागला, आणि आमच्या कोल्हापुरात नाद लागला की तो खुळाच असतो. किट न आणता, कागदावरच्या रेघेपासून सुरू करून रिमोटवर पळणारी, बॅटरीवरची हायड्रोप्लेन बनवली. लांबी ७५ सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट २ किलो १०० ग्रॅम. बांधायला तीन महिने गेले, नीट पळवायला आठ. त्या अकरा महिन्यांत जे कळलं, ते हे.

१. ही होडी तरंगायची नसते, टेकायची असते. पुढे डावी-उजवीकडे दोन स्पॉन्सन, म्हणजे पायताणासारखे दोन तळवे, आणि मागे पंखा. वेग धरला की मधला सगळा तळ हवेत. पाण्याला लागतात फक्त त्या तळव्यांच्या मागच्या कडा आणि निम्मा बुडालेला पंखा. टेड जोन्स यांनी आखलेल्या ‘स्लो-मो-शन ४’ने १९५० साली सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांचा विक्रम केला, तो याच युक्तीवर. मी आपला शहाणपणा करून पंखा पूर्ण बुडवला होता. होडी नांगर ओढल्यासारखी चालली.

२. घरात सगळ्यात सपाट जागा स्वयंपाकघरात असते. ग्रॅनाइटचा ओटा. टेबल, फरशी, पाट, सगळं वाकडं निघालं. स्पॉन्सनचा तळ पाण्याशी साधारण ३ अंशांचा कोन करतो; दोन्हींचा तोच हवा. माझ्या डाव्या-उजव्यात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडला होता, तेवढ्यावर होडी एका अंगावर लंगडायची. तळ खरवडून पुन्हा केला, तोही ओट्यावर, रात्री अकरानंतर. बायकोची अट एकच: सकाळच्या चहाच्या वेळी तिथे अरल्डाइटचा वास नको.

३. कडा गोल करू नका. हा धडा मला सगळ्यात महाग पडला, कारण चूक हौसेने केली होती. दोन रविवार बसून स्पॉन्सनच्या खालच्या कडांवरून पॉलिश पेपर फिरवला, अशा गुळगुळीत केल्या की हात फिरवत राहावंसं वाटे. आणि होडी काही केल्या पाणी सोडेना. गोल कडेला पाणी चिकटतं, वळून वर चढतं आणि होडीला मागे ओढतं. टोकदार कड असली तर तिथल्या तिथे तुटून बाजूला पडतं. मग कडेला चिकटपट्टीची भिंत उभी केली, आत इपॉक्सी ओतलं, चोवीस तास वाळू दिलं आणि सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळून कड काढली. नखावर ओढली तर बारीक पांढरी रेघ उमटली पाहिजे, इतकी. त्याच दिवशी होडी पहिल्यांदा नीट वर आली.

४. पोकळीत थर्माकोल भरा, म्हणजे पाणी शिरलं तरी होडी बुडणार नाही. लाकूड स्वतःला सांभाळतं, पण मोटर, बॅटरी, लोखंड मिळून सव्वा किलो असेल तर किमान सव्वा लिटर थर्माकोल हवाच. त्यावर इपॉक्सी चालतं. फायबरच्या कामातलं पॉलिस्टर रेझिन ओतलंत तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. मी पाहिलाय.

५. पंख्याचा हिशोब कागदावर करा, मग खिशात हात घाला. माझी मोटर व्होल्टला सुमारे २,००० फेरे मारणारी, बॅटरी चार सेलची, म्हणजे १४.८ व्होल्ट: मिनिटाला तीसेक हजार फेरे. पंखा ४२ मिलिमीटर व्यासाचा, पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे एका फेऱ्याला ५९ मिलिमीटर. गुणाकार केला तर ताशी १०६ किलोमीटर येतात. भार पडल्यावर मोटर मंदावते, पाण्यात घसरण होते. त्यातले ऐंशी पदरात पडले तरी देव पावला. नवा पंखा तसाच लावायचा नसतो, धार काढून तोल साधायचा असतो. शाफ्टच्या तुकड्यावर चढवून दोन उभ्या ब्लेडांवर ठेवा. जड पातं खाली जाईल, ते मागून घासा. पंखा बेरिलियम कॉपरचा असेल तर कोरडी कानस अजिबात नको, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाण्याखाली ओल्या पेपरने घासा.

६. लवचिक शाफ्टला श्वास घ्यायला जागा ठेवा. पिळलेल्या तारेचा शाफ्ट भाराखाली आणखी पिळून आखूड होतो, पंखा पुढे ओढला जातो. मी पंखा स्ट्रटला, म्हणजे मागे शाफ्ट धरून ठेवणाऱ्या आधाराला, चिकटवून बसवला होता. पहिल्याच फेरीत तो घट्ट आवळला गेला, आणि स्पीड कंट्रोलरचा जो वास सुटला तो अजून नाकात आहे. आता ३ मिलिमीटर फट ठेवतो. दर वेळी शाफ्ट बाहेर काढून पुसतो, ग्रीस लावतो. थंडाव्यासाठी फिरणारं पाणी कडेच्या भोकातून बाहेर पडताना काठावरून दिसलं पाहिजे. धार दिसली नाही तर होडी लगेच परत.

७. वळायचं फक्त उजवीकडे. मॉडेलच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात, म्हणून वळताना पाणी धरणारं पातं उजव्या स्पॉन्सनला असतं. अमेरिकेतल्या खऱ्या मोठ्या हायड्रोप्लेन उलट्या दिशेने धावतात, त्यांचं पातं डावीकडे. फोटो बघून बांधणारा इथे हमखास फसतो. भाच्याने एकदा हौसेने पूर्ण वेगात डावीकडे घेतली. होडीने तीन कोलांट्या मारल्या.

८. तोल आणि स्ट्रट. निम्मं आयुष्य यातच जातं. स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून पंख्यापर्यंत माझ्या होडीत ४० सेंटिमीटर आहेत. तोलाचा बिंदू कडेमागे १२ सेंटिमीटरवर, म्हणजे तीस टक्क्यांवर, चांगला बसतो. सुरुवातीला तो १८ वर होता. तिसऱ्या सरळ धावेत नाक उचललं, खाली हवा शिरली आणि होडी पाठीवर. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के७’ ताशी तीनशे मैलांच्या पुढे असताना अशीच नाक उचलून उलटली, त्यात ते गेले. आपल्या होडीत माणूस नसतो, एवढंच आपलं नशीब.

स्ट्रट खाली केला तर मागचा भाग उचलला जातो, नाक दबतं, होडी शांत पण मंद. वर केला तर मोकळी आणि भित्री. उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडून वरखाली होणारा ब्रॅकेट करून घेतला, तेव्हा मी म्हणालो, “मिस्त्री, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल.” ते लेथवरून मान वर न करता म्हणाले, “अर्धा म्हणजे लई झालं साहेब. आमच्यात अर्ध्यात जॉब भंगारात जातो.” पाण्यावर तेच खरं ठरलं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मी एकदा बॅटरी आणि स्ट्रट दोन्ही हलवले, होडी सुधारली, आणि कशामुळे ते आजवर कळलेलं नाही.

९. पाणी निवडा. आम्ही दगडाच्या जुन्या खणीवर जातो, सकाळी सातच्या आत, वारा उठायच्या आधी. केंदाळ असेल तिथे जाऊ नका. गणपतीनंतर महिनाभर तर नकोच. हारांचा दोरा पंख्यात असा बसतो की ब्लेडने कापावा लागतो. आधी रिमोट चालू, मग होडी. सिग्नल तुटला तर मोटर थांबते ना, ते काठावरच तपासा. बंद पडलेल्या होडीमागे पोहत जाऊ नका, खणीला उतार नसतो. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधा, पलीकडे फेका आणि ओढून घ्या.

१०. लिपो बॅटरी चार्ज होताना घर सोडू नका. मी ती गच्चीवर मातीच्या कुंडीत ठेवतो.

वहीतली शेवटची नोंद मागच्या रविवारची: बॅटरी ४ मिलिमीटर पुढे, स्ट्रट पाव मिलिमीटर वर, चौदा फेऱ्या, एकदाही उलटली नाही. डाव्या स्पॉन्सनमध्ये चमचाभर पाणी, कुठून येतं ते सापडलं नाही.