पाळीच्या कळा : गोळीआधी काय करता येईल?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी तिचं ओटीपोट इतकं दुखतं की दर महिन्याला शाळा बुडते. गोळी न देता काय करावं?

उत्तर : पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि कळा येतात. यावर सगळ्यांत भरवशाचा घरगुती उपाय म्हणजे शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कमरेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सोसवेल इतकीच गरम हवी. एरवी आठवड्यातून तीनदा पाऊण तास भरभर चालणं, सायकल किंवा योगासनं करू द्या. याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा. पाळीत खेळू नको, असं मात्र कृपा करून सांगू नका. हालचालीने अपाय होत नाही.

तरीही दर महिन्याला शाळा बुडते, हे मला खटकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. दुखणं वाढत चाललं असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर उशीर नको. अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो; तो किशोरवयातही होतो. डॉक्टरांनी गोळी दिली, तर सवय लागेल या भीतीने ती टाळू नका. तपासणीसाठी सोनोग्राफी सांगितली, तर या वयात ती सहसा पोटावरूनच करतात, हे मुलीला आधीच सांगा.