कुशावतीकाठची कातळशिल्पे : वारशाची अंकीय नोंद आणि पर्यटन

गोव्याच्या सांगे भागात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ नावाचे स्थळ आहे. तेथील जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल, हरणे, मोर, मानवी आकृती आणि चक्रव्यूहासारखे एकात एक फेरे घेणारे एक वर्तुळ कोरलेले आहे. परिसरातील लोकांना ही चित्रे पूर्वापार ठाऊक होती. गुराख्यांनी ती काढली अशी त्यांची समजूत होती. १९९३ साली ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. २०२२ साली रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कातळशिल्पांसह या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. यादीत नाव येताच प्रवाशांची पावले तिकडे वळतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. परंतु या प्रवाशाला तेथे काय सांगावयाचे आणि त्याच्या येण्याने शिल्पांची झीज होत असल्यास ती ओळखावयाची कशी, हे दोन्ही प्रश्न अखेर एकाच गोष्टीवर येऊन ठेपतात. ती गोष्ट म्हणजे नोंद.

वारशाची अंकीय नोंद म्हणजे केवळ छायाचित्रे संगणकात साठविणे नव्हे. छायाचित्रमिती या पद्धतीत एकाच पृष्ठभागाची अनेक छायाचित्रे अशा रीतीने घेतली जातात की, प्रत्येक चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग पुढच्या चित्रातही यावा. दोन्ही चित्रांत समान दिसणारे बिंदू संगणक शोधतो, त्यांवरून प्रत्येक वेळी कॅमेरा कोठे होता याचे गणित मांडतो आणि लक्षावधी बिंदूंतून कातळाची त्रिमिती प्रतिकृती उभी करतो. यासाठी फार महागडी साधने लागतात असे नाही. बरा कॅमेरा पुरतो. मात्र चौकटीत मोजपट्टी ठेवलेली नसेल, तर प्रतिकृती कितीही देखणी झाली तरी बैल वीतभर आहे की पुरुषभर, हे तिच्यावरून कळणार नाही.

प्रकाशाचेही शास्त्र आहे. प्रतिकृतीसाठी ढगाळ दिवसाचा सौम्य, सर्वत्र सारखा प्रकाश उत्तम. याउलट, उथळ रेषा डोळ्यांना दिसण्यासाठी सकाळचे वा सायंकाळचे तिरपे ऊन हवे. भर दुपारी त्याच रेषा कातळात विरून गेल्यासारख्या वाटतात. प्रवासी बहुधा दुपारी पोहोचतात व निराश होऊन परततात. भेटीची वेळ कोणती असावी, एवढी एक ओळ माहितीपत्रकात आली तरी पुष्कळ काम होईल. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना वा रंग भरण्याची सवय मात्र कटाक्षाने मोडली पाहिजे. जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेला रंग पुन्हा निघत नाही आणि घासून काढू गेल्यास रेषाच झिजते. तिरप्या प्रकाशाचे काम संगणक प्रतिकृतीवर हवे तसे करून दाखवितो, तेव्हा मूळ दगडाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

याच कामासाठी लेसर किरणांचाही उपयोग होतो. गुजरातमधील पाटण येथील ‘राणी की वाव’ ही अकराव्या शतकातील पायऱ्यांची विहीर २०११ मध्ये या पद्धतीने मोजण्यात आली. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली आणि पुढे शंभर रुपयांच्या नोटेवरही आली. कुशावतीकाठी अशा प्रतिकृतीचा आणखी एक उपयोग आहे. पावसाळ्यात नदी फुगली की काठच्या कातळाचा काही भाग पाण्याखाली जातो. त्या दिवसांत आलेल्या प्रवाशाला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, पाण्याखाली काय आहे ते दाखविता येईल. आणि केवळ चित्रच पाहावयाचे असणाऱ्यांनी ते घरी बसूनच पाहिले, तर त्यात कातळाचे नुकसान काहीच नाही.

चित्र घेणे हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग आहे तो नावांचा. हेच स्थळ उसगाळीमळ, पणसायमळ, फणसामळ अशा निरनिराळ्या नावांनी लिहिलेले आढळते. कोणी रिवणची शिल्पे म्हणतो, कोणी कोळंबची. माणसाला हे सर्व एकच आहे असे समजते, संगणकाला समजत नाही. त्याच्या लेखी ती चार-पाच स्थळे होतात. गोव्यात या घोळाला पोर्तुगीज अमदानीतील रोमन लेखनाची जोड आहे. सांगे, केपे या नावांच्या रोमन लेखनाअखेरीस ‘एम’ हे अक्षर येते. ते केवळ अनुनासिक उच्चार दाखविते. परप्रांतीय प्रवासी मात्र ‘सांग्वेम’ व ‘क्वेपेम’ अशी वाट विचारतो आणि गावकरी बुचकळ्यात पडतो! यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्थळाला एक कायम क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाखाली सर्व नावे, देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांत, अक्षांश-रेखांशांसह लिहावीत. वस्तुसंग्रहालयांत ही शिस्त रुळली आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्यांच्यासाठी तयार केलेल्या संगणकप्रणालीचे नावच ‘जतन’ असे आहे. उघड्या कातळावरील वारशाला तीच शिस्त लावावयाची आहे.

असे झाले की सुटी स्थळे आपोआप जोडली जातात. कुशावतीच्याच खोऱ्यात चांदर आहे. प्राचीन चंद्रपूर ते हेच. तेथे शिवमंदिराचे अवशेष व नंदी आहे. रिवण येथे खडकात कोरलेली लेणी आहेत. इतिहासाचा विद्यार्थी यांची काळानुसार वेगवेगळी प्रकरणे करतो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती एका नदीच्या काठची, एका दिवसात पाहता येणारी स्थळे आहेत. किनाऱ्यावर येऊन किनाऱ्यावरूनच परतणारा प्रवासी आत वळावयाचा असेल, तर त्याला एखादे एकाकी स्थळ दाखवून भागणार नाही. एक सबंध दिवस दाखवावा लागेल, जेवणाच्या सोयीसह.

नोंदीत दिसलेले व सांगितलेले यांची सरमिसळ होता कामा नये. कोरीव बैलाची लांबी हे दिसलेले. गुराख्यांनी तो काढला हे सांगितलेले. तो अमुक हजार वर्षांपूर्वीचा हे अभ्यासकांचे अनुमान. उसगाळीमळच्या काळाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. ती गोष्ट फलकावर तशीच लिहिण्यात कमीपणा नसून प्रामाणिकपणा आहे. गुराख्यांची कथा मात्र खुळी म्हणून गाळू नये. दगड अजून पुष्कळ काळ टिकेल, पण ती कथा सांगणारी पिढी टिकणार नाही. शाळांतील शिक्षकांना येथे मोठे कार्य आहे. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून शेत, मळ, झरा, देवराई यांची नावे व त्यांमागील हकीकती ध्वनिमुद्रित कराव्यात. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, तसेच दिनांक व स्थळ, ध्वनिफितीबरोबरच लिहून ठेवावे.

संमतीचा प्रश्न औपचारिक नाही. पौषातील रात्री मांडावर खेळले जाणारे धालो हा स्त्रियांचा उत्सव आहे. त्याचे चित्रण करावे की नाही, केल्यास किती व कोणाला दाखवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रियांचाच आहे. पर्यटन समितीचा नव्हे. देवराईतील दुर्मीळ वनस्पतींची वा राखण नसलेल्या सुट्या मूर्तींची नेमकी जागा सार्वजनिक नकाशावर घालणे हे तर चोरांना आमंत्रण देण्यासारखे होईल. खात्याच्या नोंदीत अचूक जागा असावी, प्रवाशाच्या नकाशात केवळ गावाचे नाव.

माहिती प्रवाशाच्या हाती देताना गावकरी मधून वगळला जाण्याचाही धोका आहे. फलकावरील सांकेतिक चौकोनापुढे भ्रमणध्वनी धरला की ध्वनिफीत बोलू लागते, मग वाटाड्या कशाला, असे वाटू शकते. पण डोंगराळ भागात संपर्क तुटला की फीत मुकी होते आणि पाय कोठे ठेवू नये हे ती वेळेवर सांगतही नाही. त्यापेक्षा त्याच नोंदींच्या आधारे गावातील तरुणांना वाटाडे म्हणून तयार करावे. प्रतिकृती त्यांच्या हातात असावी आणि सांगणे त्यांच्या तोंडी. प्रवाशाने दिलेल्या पैशांतील वाटा गावात राहण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

मूळ छायाचित्रे, काटछाट न करता, निदान तीन ठिकाणी असावीत. एक प्रत खात्याकडे, एक ग्रामपंचायतीत वा शाळेत आणि एक दुसऱ्या गावी. दरवर्षी पावसाळा ओसरल्यावर त्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घेऊन नवी प्रतिकृती जुनीवर ताडून पाहावी. रेषांची खोली कोठे कमी झाली, नदीने कोणती कड खाल्ली, प्रवाशांच्या वहिवाटेने कोणता भाग गुळगुळीत झाला, हे दोहोंतील फरकावरून कळते. आणि पुढील हंगामात दोरी कोठे बांधावयाची हे त्यावरूनच ठरविता येते.