आणखी एक वर्ष

शास्त्रपाठ : लूक १३:६-९

द्राक्षमळ्यातील अंजिराला तीन वर्षे फळ नाही. धनी म्हणतो, तोडून टाक. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा दाखला शिकविताना आपण बहुधा धन्याच्या शब्दांपाशीच थांबतो. शाळेत नापास झालेले मूल ते ऐकून मान खाली घालते. घरी तरी त्याने दुसरे काय ऐकलेले असते? म्हणून माळ्यापाशी थांबावे. तो झाडाला बोल लावीत नाही. सभोवती खणतो, खत घालतो. खणताना मुळांना धक्का बसतो, शेणखताला वास येतो, हे मुले आपण होऊन सांगतील. सांगू द्यावे.

शक्य असल्यास उपासनामंदिराच्या आवारातील एखाद्या झाडाला मुलांकडून आळे करून घ्यावे. पुढच्या रविवारी काहीच फरक दिसणार नाही आणि मुले हिरमुसतील. माळ्याने वर्ष मागितले होते, आठवडा नव्हे, हे तेव्हा सांगावे; आधी नको.

पुढे फळ आले का? प्रभूने ते सांगितलेले नाही. एखादे मूल हा प्रश्न विचारीलच. घाईने उत्तर देऊ नये. "तुला काय वाटते?" एवढेच विचारून त्याचे ऐकून घ्यावे.