जुन्या संगणकाच्या मोडेमचा ड्रायव्हर कसा शोधावा?

व्यापारी बांधवांनो, विंडोज ९८ पुन्हा टाकल्यावर मोडेम मुका झाला, म्हणून मशीन भंगारात देऊ नका. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचे पाठबळ २००६ साली थांबवले; शोध आपणच घ्यायचा. खोक्यावरील नावाला भुलू नका. कापडाची ओळख दुकानाच्या पिशवीवरून नव्हे, काठावरील गिरणीच्या छापावरून पटते. तसे कार्डावरील मुख्य चिपचे नाव वाचा. एकच चिप अनेक कंपन्यांच्या कार्डांत असते.

मशीन सुरू होताना बऱ्याचदा पीसीआय यादी दिसते. तिच्यातील निर्माता आणि उपकरण हे दोन्ही क्रमांक टिपून घ्या. ११सी१ म्हणजे ल्युसेंट, १४एफ१ म्हणजे कोनेक्सन्ट. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाईलमध्ये हीच जोडी असेल, तरच तो बसवा. मिळालेल्या ड्रायव्हरची प्रत सीडीवर जपून ठेवा.